पोटातील महाधमनीचा विस्फार आणि स्टेंट-ग्राफ्ट

महाधमनी ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघून ती छातीतून खाली उतरते, श्वासपटल ओलांडून पोटात येते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर दोन फाट्यांत विभागून पायांकडे जाते. पोटातील या भागाचा व्यास प्रौढ माणसात सुमारे दोन सेंटीमीटर असतो. काही व्यक्तींमध्ये उतारवयात या भागाची भिंत कमकुवत होऊन फुगू लागते. व्यास तीन सेंटीमीटर वा त्याहून अधिक झाला की त्याला महाधमनीचा विस्फार किंवा अॅन्युरिझम म्हणतात. हा फुगा वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो आणि एखाद्या दिवशी फुटतो. फुटल्यानंतर बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात.

पोट न उघडता, जांघेतील धमनीतून कापडी नळी आत सरकवून हा फुगा रक्तप्रवाहातून वगळण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत जगभर रुळली आहे. या नळीला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. तिची रचना, तिचे फायदे आणि तिच्या मर्यादा समजून घेणे शहरी रुग्णाला जितके आवश्यक आहे, त्याहून अधिक ते चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यांतील रुग्णाला आवश्यक आहे. कारण या उपचाराचा पहिला टप्पा सोपा असला, तरी त्यानंतरची देखरेख आयुष्यभराची असते.

विस्फार कोणाला होतो?

हा आजार प्रामुख्याने पासष्टीच्या पुढील पुरुषांचा. स्त्रियांमध्ये तो कमी आढळतो. मात्र स्त्रियांतील विस्फार तुलनेने कमी व्यासावर फुटण्याचा धोका असतो. धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका न करणाऱ्यांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो आणि झालेला विस्फारही अधिक वेगाने वाढतो. उच्च रक्तदाब आणि रक्ताच्या नात्यात हा आजार असणे ही इतर कारणे. मधुमेह हृदयाच्या धमन्यांना घातक असला, तरी मधुमेही रुग्णांत महाधमनीचा विस्फार कमी प्रमाणात आढळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या दृष्टीने यातील धूम्रपानाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. येथील जंगलांत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम चालतो आणि हजारो कुटुंबांची वर्षाची रोकड त्यावर अवलंबून असते. त्याच पानाची विडी होते. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे. तिचा धूर धमन्यांच्या भिंतींना तितकाच घातक ठरतो. गावोगावी खाल्ल्या जाणाऱ्या खर्‍याचा विस्फाराशी असलेला संबंध धुराइतका स्पष्टपणे सिद्ध झालेला नाही. पण खर्‍याने तोंडाचा कर्करोग होतो आणि रक्तदाबाच्या रुग्णाला तो अपायकारक आहे, हे निश्चित. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहभागाने गडचिरोलीत २०१६ पासून सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमाचे मोल त्यामुळे कर्करोगापुरते मर्यादित राहत नाही.

लक्षणे आणि निदान

बहुतेक विस्फारांना कोणतेही लक्षण नसते. पोटाची सोनोग्राफी मूतखडा, प्रोस्टेट किंवा पित्ताशयाच्या तक्रारीसाठी केली जाते आणि तीत महाधमनी फुगलेली दिसते. सडपातळ व्यक्तीला आडवे झाल्यावर बेंबीच्या वरच्या बाजूला नाडीसारखे उडणारे काही हाताला लागते. अशी धडधड जाणवल्यास ती गॅसची समजून सोडून देऊ नये.

फुगा फुटला किंवा फुटण्याच्या बेतात असला की पोटात किंवा पाठीत एकाएकी तीव्र वेदना होते, घाम फुटतो, भोवळ येते, रक्तदाब कोसळतो. पाठीतून जांघेकडे जाणारी ही कळ मूतखड्याच्या कळेसारखी वाटू शकते. म्हणून साठी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या पुरुषाला प्रथमच अशी कळ आली, तर मूतखड्याचे निदान करण्यापूर्वी महाधमनीची सोनोग्राफी करणे शहाणपणाचे असते.

सोनोग्राफीने व्यास मोजता येतो. शस्त्रक्रियेची आखणी करण्यासाठी मात्र शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करावा लागतो. या रंगद्रव्याचा मूत्रपिंडांवर ताण पडू शकतो. सिकलसेलचा आजार या भागात बराच आढळतो आणि त्यात मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेली असू शकतात. त्यामुळे असा आजार स्वतःला वा कुटुंबात असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे.

ब्रिटनमधील आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांनी असे दाखवले की साडेपाच सेंटीमीटरपेक्षा लहान विस्फारावर लगेच शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. नियमित मोजमाप करणे पुरेसे असते. म्हणून पुरुषांत ५.५ सेंटीमीटर आणि स्त्रियांत साधारण ५ सेंटीमीटर ही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादा मानली जाते. विस्फार वेगाने वाढत असल्यास किंवा दुखत असल्यास त्याआधीही निर्णय घ्यावा लागतो. लहान विस्फार वर्षाला सरासरी दोन ते तीन मिलिमीटरने वाढतो.

खुल्या शस्त्रक्रियेपासून स्टेंट-ग्राफ्टपर्यंत

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या आजारावर खात्रीचा उपाय नव्हता. अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील विस्फारावर डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी १९४८ मध्ये सेलोफेनचे वेष्टण गुंडाळले होते. एप्रिल १९५५ मध्ये तो विस्फार फुटला, तेव्हा आइन्स्टाइन यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला आणि १८ एप्रिल रोजी त्यांचे निधन झाले. १९५१ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी विस्फार काढून त्या जागी मृत व्यक्तीची धमनी बसवली. पुढे आर्थर व्हुरहीस यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी वापरून दाखवली आणि मायकेल डीबेकी यांनी डॅक्रॉनच्या नळ्या प्रचारात आणल्या. पोट उघडून, महाधमनीला चिमटा लावून, फुगलेल्या भागात कापडी नळी शिवण्याची ही खुली शस्त्रक्रिया आजही केली जाते आणि ती टिकाऊ आहे. पण तिचा ताण हृदय, फुप्फुसे आणि मूत्रपिंडांवर पडतो व बरे होण्यास आठवडे लागतात.

हीच नळी धमनीच्या आतून नेता आली तर, या विचारातून स्टेंट-ग्राफ्ट जन्मला. तत्कालीन सोव्हिएत संघातील खार्किव्ह येथे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत असे उपकरण बसवले. पोटातील विस्फारासाठी अर्जेंटिनातील ब्युनॉस आयर्स येथे डॉ. हुआन पारोदी यांनी ७ सप्टेंबर १९९० रोजी हा प्रयोग यशस्वी केला. हुलिओ पाल्माझ यांनी विकसित केलेल्या धातूच्या स्टेंटवर डॅक्रॉनची नळी शिवून त्यांनी ती जांघेतून वर नेली. १९९१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि अनेक देशांत त्याचे अनुकरण सुरू झाले. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'अँक्युअर' आणि 'अॅन्यूआरएक्स' या दोन उपकरणांना मान्यता दिली.

उपकरणाची रचना

स्टेंट-ग्राफ्टमध्ये दोन घटक असतात : कापड आणि सांगाडा. कापड हे घट्ट विणलेल्या पॉलिएस्टरचे किंवा ताणून सच्छिद्र केलेल्या पीटीएफईचे असते. त्यातून रक्त वाहते आणि फुगलेल्या भिंतीवर रक्ताचा दाब पडत नाही. सांगाडा हा बहुधा निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूचा असतो. काही उपकरणांत स्टेनलेस स्टील वापरले जाते. निटिनॉलला आकाराची स्मृती असते. थंड स्थितीत दाबून बारीक नळीत भरलेला सांगाडा शरीराच्या उष्णतेत सुटला की आपला मूळ आकार घेतो. हृदयातील बहुतेक स्टेंट फुग्याने फुगवावे लागतात. महाधमनीचे हे उपकरण सामान्यतः स्वतःच उघडते.

महाधमनीला दोन फाटे असल्याने उपकरणही पायजम्याच्या आकाराचे असते. मुख्य भागाला एक पूर्ण पाय आणि एक आखूड पाय असतो. दुसऱ्या बाजूच्या जांघेतून वेगळा पाय आणून तो आखूड पायात अडकवला जातो. वरच्या टोकाला अनेक उपकरणांत बारीक आकडे असतात. ते धमनीच्या भिंतीत रुतून नळी खाली घसरू देत नाहीत. क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून ठरावीक ठिकाणी धातूच्या खुणा असतात. पकड घट्ट बसावी यासाठी उपकरणाचा व्यास धमनीच्या व्यासापेक्षा साधारण १० ते २० टक्के मोठा निवडतात. ज्या बारीक नळीतून हे सारे आत जाते, तिची जाडी सुमारे पाच ते सात मिलिमीटर असते.

शस्त्रक्रिया कॅथलॅबमध्ये किंवा क्ष-किरण यंत्रणा असलेल्या शल्यगृहात होते. दोन्ही जांघांतून तारा वर नेतात, मूत्रपिंडांच्या धमन्या कोठे फुटतात ते रंगद्रव्याने पाहतात आणि त्यांच्या लगेच खाली उपकरण उघडतात. सर्व काही सुरळीत झाले तर रुग्ण दुसऱ्या दिवशी चालू लागतो आणि काही दिवसांत घरी जातो.

प्रत्येकाला ते बसते का?

नाही. मूत्रपिंडांच्या धमन्या आणि फुग्याची सुरुवात यांच्यामध्ये निरोगी धमनीचा काही भाग असावा लागतो. त्याला मान म्हणतात. ही मान साधारण १० ते १५ मिलिमीटर लांब, फार रुंद नसलेली आणि फार वाकडी नसलेली असावी, अशी अपेक्षा असते. मान आखूड असल्यास मूत्रपिंडांच्या धमन्यांसाठी खिडक्या ठेवलेली खास उपकरणे वापरता येतात. ती बहुधा त्या रुग्णाच्या मापाने बनवावी लागतात आणि महाग असतात. जांघेकडील धमन्या अरुंद, चुनकट किंवा नागमोडी असल्या तरी अडचण येते. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाऊन उपकरण बसवल्यास पुढे गळतीची शक्यता वाढते.

गळती : या पद्धतीची खरी कसोटी

उपकरण बसल्यानंतरही फुग्याच्या पोकळीत रक्त शिरत राहिले, तर त्याला गळती म्हणतात. तिचे पाच प्रकार मानले जातात. पहिल्यात नळीच्या टोकाशी पकड सुटते. हा धोकादायक असून त्यावर त्वरित उपाय करावा लागतो. दुसऱ्यात पाठीच्या कण्याकडील किंवा आतड्याकडील लहान धमन्यांतून रक्त उलटे येते. तो सर्वांत नेहमीचा आणि बहुधा निरुपद्रवी, परंतु फुगा वाढत असल्यास त्यावर उपचार करावे लागतात. तिसऱ्यात उपकरणाचे भाग एकमेकांपासून सुटतात किंवा कापड फाटते, हाही तातडीचा. चौथ्यात कापडाच्या छिद्रांतून रक्त झिरपते. आधुनिक उपकरणांत तो क्वचितच दिसतो. पाचव्यात गळती दिसत नाही, पण फुगा वाढत राहतो.

याखेरीज नळी खाली सरकणे, एक पाय गुठळीने बंद होणे आणि जंतुसंसर्ग हे धोके आहेत. यांतील बऱ्याच गोष्टी रुग्णाला जाणवत नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात सीटी स्कॅन, पुढे वर्षभरात तपासणी आणि त्यानंतर ठरावीक काळाने आयुष्यभर तपासणी, असा नियम पडला. युरोपीय रक्तवाहिनी शल्यचिकित्सक संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यात थोडी सवलत दिली आहे. पहिल्या स्कॅनमध्ये गळती नसेल आणि पकड पुरेशी असेल, तर अशा कमी धोक्याच्या रुग्णांत पुढील स्कॅन लांबवता येतो, असे त्यांत म्हटले आहे. पण पूर्ण सुटी कोणालाही नाही.

चाचण्यांनी काय सांगितले?

ब्रिटनमधील 'इव्हार-१' या चाचणीत, दोन्ही उपचारांना योग्य असलेल्या रुग्णांपैकी पहिल्या तीस दिवसांत स्टेंट-ग्राफ्ट गटातील १.७ टक्के, तर खुल्या शस्त्रक्रियेच्या गटातील ४.७ टक्के रुग्ण दगावले. हे निष्कर्ष २००४ मध्ये आले. नेदरलँड्समधील 'ड्रीम' चाचणीतही चित्र असेच होते. त्यामुळे नवी पद्धत सरस असल्याचे मत झाले. परंतु 'इव्हार-१'च्या रुग्णांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आठ वर्षांनंतर विस्फाराशी निगडित मृत्यू स्टेंट-ग्राफ्ट गटात अधिक असल्याचे दिसले. आत राहिलेला फुगा उशिरा फुटणे हे त्याचे मुख्य कारण होते. खुल्या शस्त्रक्रियेला अपात्र असलेल्या दुर्बल रुग्णांवरील 'इव्हार-२' चाचणीत स्टेंट-ग्राफ्टने एकूण आयुष्य वाढले नाही.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, न फुटलेल्या विस्फारासाठी रुग्ण सक्षम असल्यास खुल्या शस्त्रक्रियेकडे झुकते माप दिले, ते याच पार्श्वभूमीवर. तज्ज्ञांत यावर मतभेद आहेत. नवी उपकरणे जुन्यांपेक्षा चांगली असल्याने जुन्या चाचण्यांवरून आजचा निर्णय करू नये, असे एक मत आहे.

उपकरणांच्या इतिहासात धडा घेण्यासारखे प्रसंगही आहेत. 'अँक्युअर' बनवणाऱ्या गायडंट कंपनीच्या उपकंपनीने २,६२८ बिघाडांची माहिती दडवल्याप्रकरणी जून २००३ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरले. त्या बिघाडांत १२ मृत्यूंचा समावेश होता. पुढे ते उपकरण बाजारातून गेले. फुग्यात पॉलिमर भरून त्याला बंद करणारे 'नेलिक्स' हे वेगळ्या धर्तीचे उपकरण मध्यम मुदतीत अपेक्षेप्रमाणे न टिकल्याने २०१९ मध्ये युरोपातही मागे पडले. नवे ते टिकाऊच असेल असे नाही, हे यावरून दिसते.

जंगलातील रुग्णापुढचा प्रश्न

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण लांब पसरलेला आहे. सिरोंचा तालुक्याचे ठिकाण जिल्हा मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि तेथून नागपूर आणखी लांब. त्यामुळे सिरोंचाकडील अनेकांना तेलंगणातील वरंगळ किंवा हैदराबाद सोयीचे पडते. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आल्याने तालुक्याचा संपर्क तुटल्याच्या बातम्या पावसाळ्यात वर्षानुवर्षे येत राहिल्या. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून आणि चातगावजवळचे शोधग्राम गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून या भागाला आरोग्यसेवा देत आले. चंद्रपुरात २०१५ मध्ये आणि गडचिरोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तरीही रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सेसाठी या दोन्ही जिल्ह्यांची वाट मुख्यतः नागपूरकडे जाते.

फुटलेल्या विस्फाराच्या बाबतीत हे अंतर निर्णायक ठरते. फुटलेल्या विस्फारावर स्टेंट-ग्राफ्ट बसवता येतो, पण त्यासाठी सीटी स्कॅन, योग्य मापाचे उपकरण आणि सज्ज पथक एकाच वेळी उपलब्ध असावे लागते. संशय येताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट अशा केंद्राकडे निघणे आणि त्या केंद्राला आधी कळवणे, एवढेच हाती असते. रुग्ण शुद्धीवर असेल तर भरमसाट सलाईन देऊन रक्तदाब चढवण्याचा प्रयत्न करीत नाहीत. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून या भागात खरा उपाय फुटण्यापूर्वीच्या निदानाचा आहे.

ब्रिटनमधील एका चाचणीत ६५ ते ७४ वयाच्या ६७,८०० पुरुषांचा समावेश होता. २००२ च्या तिच्या निष्कर्षांनुसार, तपासणीसाठी बोलावलेल्या गटात विस्फारामुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर तेथे २००९ पासून पासष्टीच्या पुरुषांची राष्ट्रीय तपासणी सुरू झाली. भारतात अशी सरसकट मोहीम नाही. परंतु साठी ओलांडलेल्या, विडी ओढणाऱ्या पुरुषाची कोणत्याही कारणाने सोनोग्राफी होत असेल, तर त्याच वेळी महाधमनीचा व्यास मोजून अहवालात लिहिण्यास जादा यंत्र लागत नाही.

दुसरा प्रश्न पद्धतीच्या निवडीचा. खुली शस्त्रक्रिया सुरुवातीला जोखमीची, पण नंतर फारशी देखरेख न मागणारी; स्टेंट-ग्राफ्ट सुरुवातीला सौम्य, पण आयुष्यभर तपासणी मागणारा. शहरातील रुग्णाला वर्षातून एकदा स्कॅन करणे ही गैरसोय असते. एटापल्ली किंवा कोरचीच्या रुग्णासाठी त्याचा अर्थ दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचा खर्च आणि परक्या शहरातील मुक्काम असा होतो. प्रकृती धडधाकट असलेल्या आणि पुढे तपासणीला येणे शक्य नसलेल्या रुग्णासाठी खुली शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरू शकते. उलट हृदय किंवा फुप्फुसे अशक्त असलेल्या रुग्णासाठी स्टेंट-ग्राफ्ट हाच मार्ग असल्यास, फुग्याचा व्यास जवळच्या सोनोग्राफी केंद्रात मोजण्याची आणि तो वाढल्यासच नागपूरला बोलावण्याची व्यवस्था घरी सोडतानाच ठरवून द्यायला हवी. रुग्ण कोठून आला आहे हे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. ते विचारावे लागते.

खर्च आणि योजना

स्टेंट-ग्राफ्टची किंमत काही लाख रुपयांच्या घरात जाते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर घातलेली मर्यादा हृदयाच्या धमन्यांतील स्टेंटपुरती होती. महाधमनीचे उपकरण ही वेगळी वस्तू आहे, हे रुग्णांच्या नातलगांनी ध्यानात ठेवावे. राज्याची आरोग्य विमा योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२३ मध्ये तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. नेमकी कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या रुग्णालयात आणि उपकरणासह की उपकरणाविना योजनेत बसते, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

रुग्णाने काय जपावे?

उपकरण बसवल्यानंतर मिळणारे कार्ड आधारकार्डाइतकेच जपावे. त्यावर उपकरणाचे नाव, माप, क्रमांक आणि तारीख असते. उपकरणात दोष आढळल्याची सूचना कंपनीने काढल्यास ती आपल्याला लागू आहे की नाही, हे त्यावरूनच कळते. पहिल्या सीटी स्कॅनची सीडी आणि अहवाल सांभाळून ठेवावेत, कारण पुढचे प्रत्येक मोजमाप त्याच्याशी ताडून पाहिले जाते. विडी पूर्ण सोडावी, रक्तदाबाची गोळी चुकवू नये. पाय अचानक थंड पडणे, चालताना पोटरी दुखणे, ताप न उतरणे, पोटात वा पाठीत नवी वेदना यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घरातील भावांना आणि वयस्क मुलांनाही एकदा सोनोग्राफी करून घेण्यास सांगावे.

स्टेंट-ग्राफ्टने फुगा नाहीसा होत नाही. तो रक्ताच्या दाबापासून दूर ठेवला जातो. तो तसाच दूर राहिला आहे की नाही, हे वेळोवेळी पाहणे हा या उपचाराचाच भाग आहे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी रुग्णाने आणि डॉक्टरांनी त्याचा हिशेब एकत्र बसून मांडला, तर पुढील अनेक संकटे टळू शकतात.